हेल्मेटमधला फोन आणि दुबलगुंडीची वाट

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. आमच्या अप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातून देव-देवस्की, अंगारे-धुपारे सगळं हद्दपार झालं. आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडं भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही... कुणाच्या घरावर दगड पडतात, कुणाचे कपडे आपोआप पेट घेतात. मी आणि माझी धाकटी बहीण विमल, आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. त्यात मी सरकारी दवाखान्यातली नर्स. माणूस कशानं जगतो आणि कशानं मरतो हे रोज डोळ्यांनी बघणारी. तेव्हा माझ्याकडून रंगवून सांगायची अपेक्षा ठेवू नका. जे झालं ते लिहिते.

साल पंच्याऐंशीच्या आसपासचं. आम्ही हुमनाबादला राहत होतो. आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी काही वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते — टेम्पररी. नोकरी गेली, पण सवय राहिली. समोरच्यानं सांगितलेलं आधी परत म्हणून दाखवायचं, मगच पुढचं काम! घरातही तेच. मी म्हणायचे, "येताना मीठ आणा." हे म्हणायचे, "येताना मीठ. बरं." पाहुणे हसायचे.

तर ह्यांनी एक उद्योग केला होता. जुन्या फोनमधले ऐकायचे आणि बोलायचे भाग काढून दोन हेल्मेटमध्ये बसवले होते. एक ह्यांचं, एक माझं. मध्ये लांब वायर, आणि ह्यांच्या खांद्याला बॅटरीची डबी. फटफटीच्या आवाजात मागं बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही सोय. बाजारातून निघालो की पोरं "रॉकेट आलं, रॉकेट आलं" करत मागं पळायची. मला लाज वाटायची. पण खरं सांगते, वस्तू झकास होती. खेड्यापाड्यांत व्हिजिटला जाताना मी मागून रस्ता सांगायचे, हे परत म्हणायचे आणि वळायचे.

विमल दुबलगुंडीच्या बाजूला दिलेली. गावातलं घर सोडून तिची सासरची माणसं शेतातच राहायची. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, पाऊस दोन दिवसांपूर्वी उघडलेला. सकाळी पहिल्या बसनं तिचा दीर धापा टाकत आमच्या दारात आला.

"अक्का, वहिनी पहाटं बाळंत झाल्या. पोरगी झाली. पण रगत थांबंना. सुईन म्हनायली, अक्काला घिऊन या."

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव म्हणजे काय, हे मला पुस्तक उघडून बघायची गरज नव्हती. थर्मासात बर्फ, त्यात इंजेक्शनं, पिशवीत सलाईनच्या बाटल्या... निघालो. दिराला म्हटलं, तू मागून बसनं ये.

हुमनाबाद सोडून बरंच अंतर झालं तोपर्यंत सगळं ठीक होतं. मी म्हणाले, "खड्डा आहे." कानात ह्यांचा आवाज, "खड्डा. बरं." पुढं मी गप्प बसले. रस्ता सरळ होता, सांगण्यासारखं काही नव्हतं. मनात फक्त एकच — किती वेळ झाला असेल, किती रक्त गेलं असेल.

आणि कानात ह्यांचा आवाज आला, "डावीकडं घ्यायचं. बरं."

मला वाटलं स्वतःशीच बोलतायत. तोवर फटफटी डांबरी रस्ता सोडून खाली उतरली! काळ्या रानातली गाडीवाट, दोन्ही बाजूला ज्वारी उभी. ह्या वाटेनं आम्ही विमलच्या घराकडं कधीच गेलो नव्हतो.

"अहो, न्हाई! सरळ! सरळ घ्या!" मी ओरडले.

"बांधाच्या कडंकडंनं. बरं."

"कुठं निघालात? तिकडं घर न्हाई तिचं!"

"थांबायचं न्हाई. बरं बरं, न्हाई थांबत."

मी बोलत होते एक आणि हे परत म्हणत होते भलतंच. वायर बघितली. पिन जागेवर. ह्यांचा श्वाससुद्धा मला स्वच्छ ऐकू येत होता. मी पाठीत बुक्की मारली, तर ह्यांना वाटलं मी घाई करतेय... गाडी आणखी पळवली. चिखलात मागचं चाक सरकायला लागलं, मी थर्मास छातीशी आवळून धरला. उडी मारावी असं मनात आलं. मारली असती तर बाटल्या फुटल्या असत्या. मी रडायलाच लागले. तिकडं विमल मरतेय आणि ह्यांना वेड लागलंय, हेच डोक्यात.

"आलं का? बरं. थांबलो."

ब्रेक लागला. इंजिन बंद झालं. मी हेल्मेट उपसून काढलं, ह्यांना दोन शब्द सुनावणार, एवढ्यात ज्वारीच्या पलीकडून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं.

पळत गेले. ओढ्याच्या उतारावर बैलगाडी कलंडली होती, चाकांचा कणा मोडलेला. विमलचा नवरा मदत आणायला कुठंतरी पळाला होता. सासू नातीला पदरात घेऊन बसलेली. आणि गाडीच्या सावलीत, गोधडीवर विमल. ओठ पांढरेफटक. नाडी बोटाला लागेना.

वाट बघवेना म्हणून त्यांनी तिला गाडीत घालून आडवाटेनं मोठ्या रस्त्याकडं आणायचं ठरवलं होतं, जीपबीप मिळाली तर बघावं म्हणून. आणि मध्येच हे असं झालं.

पुढचं माझं रोजचं काम. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, गाडीचा खुंट उपसून ह्यांच्या हातात दिला आणि त्याला सलाईन टांगलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. रक्त कमी झालं... मग थांबलं. विमलनं डोळे किलकिले केले तेव्हा मी तिथंच चिखलात बसकण मारली.

हे खुंट धरून उभे होते. हळूच म्हणाले, "बरं झालं तू वाट सांगितलीस. पण एक सांग, मला दाजी कामून म्हणायलीस मघापासून?"

"मी? कधी?"

"'दाजी, डावीकडं घ्या. दाजी, थांबू नका.' मला वाटलं चेष्टा करायलीस. असल्या वक्ताला कशाची चेष्टा, म्हणून राग बी आला मला."

ह्यांना दाजी म्हणणारं जगात एकच माणूस आहे. ते समोर गोधडीवर पडलं होतं.

मी सासूला विचारलं, विमल काही बोलत होती का? ती म्हणाली, "कुठलं बोलनं बाई! गाडीत घातल्यापून तोंड उघडलं न्हाई तिनं."

घरी आल्यावर ह्यांनी दोन्ही हेल्मेटं खोलून टेबलावर मांडली. एकही जोड सुटलेला नव्हता. कुठलं तरी स्टेशन लागलं असेल, असं ते बरेच दिवस म्हणत राहिले. मी विचारलं, कुठल्या स्टेशनवर दुबलगुंडीची गाडीवाट सांगतात? मग तेही म्हणायचे बंद झाले. विमलला विचारलं तर तिला गाडीत चढवल्याचंसुद्धा आठवत नाही. त्यानंतर आम्ही ती वस्तू कितीतरी वापरली, माझा प्रत्येक शब्द ह्यांना नीट पोचला.

भूतबीत मी आजही मानत नाही. ते कुणाचं बोलणं होतं, कसं आलं, मला सांगता येत नाही, आणि त्या आवाजाची भीतीही मला वाटत नाही. भीती वाटते ती माझ्याच ओरडण्याची. रस्ता मला ठाऊक होता, औषध माझ्या हातात होतं आणि मी जीव तोडून चुकीची वाट सांगत होते... तेवढ्या वेळापुरता माझा आवाज त्या वायरीतून ह्यांच्या कानापर्यंत गेला असता, तर मी विमलच्या रिकाम्या घरासमोर जाऊन उभी राहिले असते.