भरजरी जॅकेटच्या आत

तिच्या नवऱ्याने मला फसवलं. “दीदी, बायको रुसून राहिली, थोडं कमी करा ना,” असं गयावया करून तो ओमती बाजारातल्या माझ्या दुकानातलं सगळ्यात भारी जरीकामाचं जॅकेट घेऊन गेला. मी सहसा भाव सोडत नाही. त्याला सोडला.

दुसऱ्या दिवशी ती ते जॅकेट घेऊन आली. भर उन्हाळ्यात आतून घालायला बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता मागू लागली. मी पिवळा काढला. तिने मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळाशी कापड धरून पाहिलं, मॅचिंग ब्लाउज पाहावा तसं.

“आज जांभळा द्या दीदी, ठिपक्यांचा. पिवळा चार दिवसांनी लागतो.”

“काहून सहन करतेस?” मी ओरडले. ती ठिपके निरखत राहिली.

माझं जॅकेट कशावर पांघरूण घालायला नेलं, हे त्याने माझ्या काउंटरसमोर उभं राहून सांगावं.