गप्पीवरचा आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या टाकीतल्या गप्पी माशाच्या मादीने आपली पिल्लं खाल्ली नव्हती. तळाचा गाळ नळीने ओढताना मीच ती पिल्लं मोरीत सोडली. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, "गप्पी खातात गं आपली पिल्लं." ते खरंही आहे, म्हणूनच खोटं खपलं.

तेव्हापासून दाणे टाकताना बायको रोज तिला सुनावते, "गिळ, भवाने! पोटची पोरं पुरली नाहीत ना?" मी पेपरात तोंड खुपसतो. गप्पी काचेआडून माझ्याकडे बघत तोंड उघडते, मिटते. तिला बोलता येत नाही, एवढ्यावरच माझी अब्रू टिकून आहे.

आज तिचं पोट पुन्हा फुगलेलं दिसलं. बायको म्हणाली, "व्यायली की लगेच उचलायची हिला. आई व्हायच्या लायकीची नाही." मी मान डोलावली. बायकोला खरं सांगणं अजून बाकी आहे.