नदी बोलतीया

बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसलो, तेव्हा कालवा पाणी वाहून नेतो एवढंच मला ठाऊक होतं. शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी माझं हे अज्ञान दूर केलं. ते गाणी रचायचे आणि लग्नसमारंभात म्हणायचे. त्यांच्या गाण्यांत कालवा हुंदके द्यायचा, ऊस वाऱ्याला बघून लाजायचा. एकदा तर नवरीला सोडायला गेलेला ट्रॅक्टरसुद्धा रडला होता. प्रत्येक कडवं संपलं की ते डोळे मिटून माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे, आणि मी दाद दिल्याशिवाय तो हात काही उचलायचे नाहीत.

त्यांच्या पलीकडं त्यांची बायको बसली होती. तिच्या आजारी बहिणीला बघायला दोघं निघाले होते. पिंपळी मागं पडल्यावर तिनं त्यांची बाही ओढली.

"अवं, फाटा आला. उतरायचं हाय."

"गप गं," ते डोळे न उघडता म्हणाले, "हितं नदी बोलतीया."

तिनं पुन्हा हाक मारली. नदी बोलतच राहिली. मग तिनं पिशवी उचलली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ऊस, नदी, ट्रॅक्टर, समद्यांचं ऐकू येतं ह्यांना. माझंच तेवढं न्हाय."

कंडक्टरनं बेल मारली. ती उतरून गेली.

नदी एकदाची समुद्राला भेटली, तोवर गाडीनं पुढचा थांबाही सोडला होता. गृहस्थांनी डोळे उघडले, रिकामी जागा पाहिली आणि दुखावलेल्या आवाजात मला म्हणाले, "बघा की! उतरताना एक शब्द बोलली न्हाय."