डांबराचा ठिपका

गोविंदाभाऊ सरड्यांची हजेरी घेत. चांदा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या गावी मी मास्तर म्हणून नवाच गेलो होतो. जंगलखात्याचे हे नाकेदार खाकी कपड्यात डोंगा वल्हवत नदीतल्या बेटावर जातात आणि सरड्यांपुढे उकिडवे बसतात, हे पाहून मी त्यांना सरळ वेड्यात काढलं.

"मास्तर, काठावरच्या सरड्याचा गळा पांढरा, इथच्याचा निळा. माणूस पाहून पळत बी नाई. काऊन, ते सांगा." माझ्या मॅट्रिकच्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं.

बेटावरचा सरडा नदी ओलांडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तोडायच्या झाडांवर खूण करायचं सरकारी डांबर त्यांनी काडीनं एकेकाच्या पाठीवर लावलं. कात टाकली की ठिपका जाई. भाऊ पुन्हा लावत.

मी हौसेनं नागपूरच्या एका प्राध्यापकांना निळ्या गळ्याबद्दल लिहिलं. चैत्रात ते सरडे बुडवून ठेवायला स्पिरिटच्या बाटल्या घेऊन बेटावर आले, आणि पाठीवरचा ठिपका दिसताच गळा विसरले.

"अपूर्व! ही नवी जात. हिला तुमचंच नाव देऊ, गोविंदराव!"

भाऊ लाजले. "किती लागतीन जी?"

"मिळतील तेवढे."

थोड्याच वेळात प्राध्यापकांच्या पिशवीत अकरा सरडे वळवळत होते. गप्प बसा, असं मी डोळ्यांनी भाऊंना विनवत होतो. माझंही नाव कुठेतरी छापून येणार होतं. भाऊंनी पिशवीकडे पाहिलं.

"साहेब, तो ठिपका माह्या हातचा आहे. डांबर आहे जी."

प्राध्यापकांनी पिशवी रेतीत उपडी केली आणि चहाही न घेता गेले. गळ्याचं कोणी विचारलं नाही. आठवड्यात त्यांच्या तक्रारीवरून भाऊंकडून डांबराच्या गैरवापराचा खुलासा मागवला गेला, मग सिरोंच्याला बदली झाली.

बैलगाडीत सामान चढवताना मी म्हणालो, "भाऊ, नाव झालं असतं."

"नाव माह्यं झालं असतं मास्तर, बाटलीत ते गेले असते."

पुढच्या वैशाखात मी एकटाच बेटावर गेलो. सरड्यांच्या पाठी स्वच्छ होत्या. हातभर अंतरावर एकानं निळा गळा फुगवून दाखवला. जात खरंच वेगळी असावी, गळा एकदा नीट पाहा, असं प्राध्यापकांना लिहिलेलं पत्र माझ्या खिशात होतं. जात नवी निघाली, तर डांबर शोधाच्या कामी लागलं म्हणून भाऊ निर्दोष ठरले असते, मानानं परतही आले असते. पण पत्रामागोमाग बाटल्याही आल्या असत्या. मी पत्र फाडलं.

भाऊ सिरोंच्यालाच वारले. सरकारी कागदांत ते अजून डांबराचे गुन्हेगार आहेत, आणि तसं राहू देणारा मी आहे.