जयंतीबाईंच्या अंगणातली पंधरा मिनिटं

बीदरच्या त्या उताराच्या गल्लीत दोन वर्षं एकच कुजबुज होती: नगरपालिकेचं पाणी सोडणाऱ्या श्रीमंतचं आणि जयंतीबाईंचं काहीतरी आहे. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, विधवा, घरात एकट्या. श्रीमंत अठ्ठावन्नचा, बायको वारलेली, मिशा मात्र अजून काळ्या. कशानं काळ्या ते न्हाव्याला विचारा. पाण्याच्या दिवशी सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी लांब चावीनं व्हॉल्व उघडायचा, नऊ घरं ओलांडून थेट बाईंच्या अंगणात शिरायचा आणि चहा पिऊन पंधरा मिनिटांनी बाहेर यायचा. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला शिवशंकरप्पा ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजायचा. आपला चहा सोडून गिऱ्हाईक तिकडं जातं, हे त्याचं खरं दुखणं.

त्या बुधवारी गल्लीतल्याच चंद्रभागाबाईंच्या घरी नातीच्या, पल्लवीच्या, हळदीची गडबड होती. कमठाण्याचे, उदगीरचे पाव्हणे वाटेत होते. श्रीमंतनं नेहमीप्रमाणे जयंतीबाईंच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पुरेसं क्लोरीन असलं की ते पिवळं होतं. आज होईना. तो तसाच गल्लीच्या तोंडाशी पळाला, तिथलं पाणी तपासलं. ते झटक्यात पिवळं झालं. म्हणजे मध्येच कुठंतरी घाण शिरत होती आणि क्लोरीन तिथंच संपत होतं. हळदीचं घर, दीडशे माणसं, त्यात लहान लेकरं.  श्रीमंतनं व्हॉल्व बंद केला आणि दारोदार सांगत सुटला, आजचं पाणी पिऊ नका, भरलेलं ओतून द्या.

चंद्रभागाबाईंची दोन पिंपं तोंडोतोंड भरलेली.

"कामून बंद केलास रे पाणी? माझ्या नातीची हळद बघवंना व्हय तुला?"

शिवशंकरप्पानं तोवर हॉटेलात जाहीर करून टाकलं होतं, की आज बाईंनी चहात साखर घातली नाही, त्याचा राग गल्लीवर निघालाय.

 श्रीमंतनं ऑफिसला फोन करून टँकर मागवला, दुरुस्तीची माणसं मागवली. मग घाण कुठून शिरते ते शोधायला व्हॉल्व पुन्हा थोडा उघडला आणि बजावलं, कुणीही पाणी भरू नका. तसं सांगितल्यावर अर्थातच सगळी गल्ली भरायला लागली. तो एकेका घरापुढं पाइपाला लोखंडी सळई टेकवून, तिचं दुसरं टोक कानाला लावून ऐकत चालला. फुटक्या पाइपाचा आवाज बारीक, सूं करणारा. इथं मात्र घरोघरी गुरगुर. नळाला मोटार लावायची बंदी, आणि या गल्लीत मोटार कुणाकडंच नव्हती. कुणालाही विचारा, शपथ घेऊन सांगतील. सगळ्यात मोठी गुरगुर चंद्रभागाबाईंच्या पडवीत.

"अक्का, तुमच्या रुखवताखाली कायतर गुरगुरायलंय."

"लाडू हायत ते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

पल्लवी फस्सकन हसली आणि तिनंच रुखवताखालची चादर उचलली. अनारशांच्या परातीखाली, थेट नळाला जोडलेली मोटार. आजीचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी पदर खोचला आणि बाकीच्या आठ मोटारी कुठं कुठं दडवल्यात ते घरवार सांगून टाकलं: कुणाची कणगीत, कुणाची देव्हाऱ्याच्या मागं. पाव तासात नवाच्या नऊ बाहेर. शिवशंकरप्पाची सगळ्यात मोठी.

मोटारी बंद झाल्यावर बारीक सूं ऐकू आली. चंद्रभागाबाईंच्या नळाचा पाइप गटार ओलांडत होता, तिथंच तो चिरला होता. नऊ मोटारी ओढायला लागल्या की पाइपातला जोर जायचा आणि चिरेतून गटाराचं पाणी आत खेचलं जायचं.

दुपारपर्यंत तुकडा बदलला. क्लोरीनचं कडक पाणी घालून पाइप धुतला, ते सगळं बाहेर सोडून दिलं. दोन्ही पिंपं चंद्रभागाबाईंनी स्वतः आडवी केली. चार वाजता श्रीमंतनं चावी फिरवली आणि पुन्हा जयंतीबाईंच्या अंगणात गेला. या वेळी त्याच्या मागं अर्धी गल्ली. मोटारी नव्हत्या, त्यामुळं नळाला असा जोर आला की बादली पालथी झाली. नळीत थेंब पडले. पाणी पिवळं झालं.

"आता पाजा पाव्हण्यास्नी," श्रीमंत म्हणाला आणि पायरीवर बसला. जयंतीबाईंनी चहा ठेवला, या वेळी मोठ्या पातेल्यात. हळद झाली, लग्न झालं, गल्लीत एकाचंही पोट बिघडलं नाही.

राहिली ती कुजबुज. पाणी तपासायचं ते ओळीतल्या शेवटच्या नळावर. तिथं चांगलं निघालं तर मधल्या घरांचीही बहुधा काळजी नसते. तपासायला आणि वहीत नोंद करायला पंधरा मिनिटं लागतात. शेवटचा नळ जयंतीबाईंचा होता.