बैठकीतून उठणं

अकोल्यात मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. गॅरेजात नटबोल्ट धुण्यापासून सुरुवात केली, कोणी हात धरून वर आणलं नाही. आमच्या धंद्यात बोलण्यापेक्षा उठण्याला जास्त वजन. भाव अडला की माणूस धूळ झटकून उठतो. त्याला हाक मारली तर आपण भावात उतरलो. नाही मारली आणि तो फाटकाबाहेर पडला, तर सौदा तुटला. मी उठण्यात पटाईत. पातूरपासून अकोटपर्यंत कोणीही सांगेल, हा उठला की उठलाच.

मोठ्या भावाचं आणि माझं तुटलं ते वडील गेले त्या दिवशी. मी अमरावतीला होतो. निघालो म्हणून दादाला फोन केला, तरी गावी, अकोटला पोचलो तेव्हा चिता पेटली होती. लोक खोळंबले होते, दादा म्हणाला. लोकांसाठी त्यानं मला बापाचं तोंड पाहू दिलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

पुढे बीपी वाढलं. गिऱ्हाइकावर, बायकोवर, सिग्नलवरच्या माणसावर ओरडायचो. डॉक्टरांनी अमरावतीच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. ती म्हणाली, "काका, राग अंगात कुठे येतो ते आधी बघा." माझे कान तापतात. कान तापले की श्वास घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. मनगटावर गार पाणी धरायचं. तोंडातून भलतंच निघेल असं वाटलं तर जागा सोडायची, निवल्यावर परत यायचं. मला हे सगळं फुकट शहाणपण वाटलं होतं, पण लागू पडलं. दुकानात ओरडणं थांबलं.

म्हणून मामांनी बडनेऱ्याला दादाच्या घरी बैठक ठरवली तेव्हा मी हो म्हणालो. दादाला आता जिना चढवत नाही, म्हणून त्याच्याच घरी. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं, थांबायला पाहिजे होतं, एवढंच. मग पुढची वर्षं एका ताटात जेवलो असतो.

वहिनीनं चहा ठेवला. मी नीट आवाजात विचारलं, "दादा, माह्यासाठी काहून नाही थांबला तू?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "तू आला असता तं तिथं बी भांडला असता. बाबाले शांततेनं जाऊ देलं."

कान तापले. पूर्वीचा मी असतो तर कप भिंतीवर गेला असता. मी उठलो. एक शब्द न बोलता मागच्या अंगणात गेलो, नळाखाली मनगटं धरली, श्वास सोडत राहिलो. राग खरोखर उतरला. आत जाऊन आता पुन्हा विचारू, असं वाटण्याइतका उतरला.

आत आलो तर दादाच्या खोलीचं दार लागलेलं. वहिनी कप उचलत होती. मामा चपला शोधत होते.

"काय झालं मामा?"

"मलेच इचारतं? तू उठला ना बैठकीतून."

"पाणी घ्याले गेलो होतो. राग येऊन राहिला होता म्हणून."

"बाप्पा, तू जिंदगीभर उठूनच सौदे तोडले. हे उठणं दुसरं होय, हे त्याले कसं समजावं?"

मी दारावर थाप मारली. आतून पंख्याचाच आवाज आला.

समुपदेशक बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, परत येतो असं सांगून उठायचं असतं." हे त्यांना आधी सांगावंसं वाटलं नव्हतं. त्यांच्या घरी बहुधा उठणारा माणूस परतच येतो.

फोन केले. दादानं उचलले नाहीत. आयुष्यात प्रथमच मी आधी हाक मारत होतो. शेवटी वहिनीनं उचलला. मी म्हणालो, दादाला सांग, मी तोडून उठलो नव्हतो. तिनं फोन न ठेवताच आत जाऊन सांगितलं. दादाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"आता भाव उतरवून राहिला तो. नको म्हण."

"भाऊजी," वहिनी परत फोनवर येऊन बोलू लागली.

माझे कान तापले नाहीत. श्वासही सोडावा लागला नाही. मी ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवला.