हवल्ली दुसऱ्या ग्रुपात

“नुसतं कागदावर करून बघ,” साहेब म्हणाले. “बारा टीम, दोन ग्रुप. बसच्या फेऱ्या कमी व्हायला हव्यात.”

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी कुवेतमधल्या अहमदीला तेल कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसात क्लार्क होतो. हॉकी लीगचं फिक्श्चर माझ्याकडे असे. फिक्श्चर म्हणजे कोण कुणाशी, कुठे, कधी खेळणार याचा तक्ता. तोवर सगळ्या टीम एकमेकींशी खेळत. ग्रुप पडले की सामने फक्त आपल्या ग्रुपातल्यांशीच.

नकाशा पुढ्यात घेतला. अहमदी, फिंतास आणि त्या बाजूच्या टीम एकीकडे. कुवेत शहर, हवल्ली दुसरीकडे. अर्ध्या तासाचं काम. पण हवल्ली लिहिताना हात अडखळला.

हवल्लीचा गोलकीपर उस्मानभाई माझ्या गावचा, दाभोळच्या खाडीकाठचा. आईला लिहिता येत नसे. उस्मानभाईची बायको आपल्या पत्रात तिचंही एक पान घाली. ते तो सामन्याला आणी. मला वाचता येई, तरी तोच वाचून दाखवी. हुबेहूब आईच्या हेलात. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या आणि सामन्यांच्या दिवशी, मला मैदान सोडता येत नसे, म्हणून आमची भेट तिथेच.

मी दुसरा तक्ताही केला. ताकदीप्रमाणे ग्रुप. त्यात हवल्ली आमच्याकडे येत होती. दोन्ही साहेबांपुढे ठेवले.

“तुझं मत?”

दुसऱ्यात बसच्या फेऱ्या जवळजवळ दुप्पट होत्या.

“पहिला, सर.”

“कुणाची काही अडचण?”

“नाही, सर.”

ग्रुप पडण्याआधीच्या शेवटच्या सामन्यानंतर उस्मानभाई पॅड सोडत बसला. मग पान उघडून वाचलं. फणस धरलाय, तुझा वाटा ठेवलाय.

“आता पुढं डाकेनं धाडतो,” तो म्हणाला.

पानं येत राहिली. मी ती ऑफिसात वाचत असे. शब्द सगळे आईचेच. पण तो हेल मला काही जमेना.

वर्षभराने चहा घेताना साहेबांशी त्या पानांबद्दल सहज बोललो. त्यांनी कप खाली ठेवला. “मग तेव्हा बोलायचं ना! एक फ्रेंडली मॅच ठेवली असती.”

पुढच्या सीझनला त्यांनी ती ठेवलीही. हवल्लीच्या गोलात दुसराच माणूस उभा होता. उस्मानभाई कायमचा गावी गेला होता.

तक्ता बरोबरच होता. पण फिक्श्चर करणाऱ्याने आपली गरजही इतरांच्या अडचणींबरोबर लिहावी. नाकारायचं काम साहेबाचं. ते आपणच उरकू नये.